पाहणी आणि पाहुणचार

(निवासी संस्थांच्या तपासणीचे काम करू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव 'निवासी संस्थांची गुणवत्ता व सुरक्षितता : तपासणीची पद्धती' असे छापले आहे. नाव भारदस्त आहे, आणि अशा भारदस्त नावाखाली एखादा नमुना-तक्ता आपल्या हाती देऊन मोकळे होण्याचा मोह वक्त्याला पडतो. तो मोह मी टाळणार आहे. तक्ते सरकारजवळ भरपूर आहेत. मी सुरुवात करणार आहे ती माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासून.

सुमारे अठरा वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या तपासणी समितीवर सभासद म्हणून माझी नेमणूक झाली होती. आम्ही एका अनुदानित बालगृहाला भेट दिली. भेटीची सूचना आठ दिवस आधी गेली होती. दारात रांगोळी होती. मुलांनी स्वागतगीत म्हटले. अधीक्षकांनी हजेरीपट, साठा नोंदवही, आरोग्य तपासणीचे कागद टेबलावर नीट मांडून ठेवले होते. शयनगृहात साठ मुलांच्या साठ सतरंज्यांवर साठ पांढऱ्या चादरी अंथरलेल्या होत्या. त्या चादरींच्या घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. त्या रेघा मी पाहिल्या. त्यांचा अर्थ मात्र मला सुचला नाही. दुपारी आम्हांला जेवण मिळाले, त्यात शिरा होता. मग शेरेबुक पुढे आले आणि मी माझ्या हस्ताक्षरात लिहिले, 'व्यवस्था समाधानकारक. मुले आनंदी दिसली.'

निघताना सात-आठ वर्षांचा एक मुलगा माझ्या चपला पुढे करीत म्हणाला, "ताई, चादरी तुम्ही आत्ताच परत नेणार का?"

क्षणभर मला प्रश्नच कळला नाही. त्या मुलाची समजूत अशी होती की चादरी आम्हीच आणतो. पाहुणे आले की चादरी येतात, पाहुणे गेले की चादरी जातात, हा त्याचा अनुभव होता, आणि त्या अनुभवावरून त्याने काढलेले अनुमान तर्काला धरूनच होते. गाडीत बसल्यावर आमच्यापैकी एकाने ही गोष्ट हसण्यावारी नेली. मीही हसले. रात्री घरी अंथरुणावर पडल्यावर मात्र ते हसू गळ्यात अडकले. शेरा तर लिहून झाला होता. तो त्या वहीत आजही असेल.

आमच्या तपासणीत खोटे काय होते? साठा नोंदवहीत साठ चादरींची नोंद होती आणि साठ चादरी डोळ्यांसमोर होत्या. नोंद खरी होती. आम्ही विचारले होते ते एवढेच, की संस्थेत चादरी आहेत काय? जो तेथे रोज झोपतो त्याला, 'बाळ, तू रात्री कशावर झोपतोस?' हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता. संस्थेविषयी सारी माहिती आम्ही संस्थाचालकांकडून घेतली आणि ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्याकडून घेतले ते एक स्वागतगीत. याला पाहणी म्हणत नाहीत. याला पाहुणचार म्हणतात. आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे ते एवढेच. ज्या तपासणीत तेथे राहणारा माणूस निर्भयपणे बोलू शकत नाही, ती तपासणी झाली नाही असे समजावे. बाकीचे सारे तपशील या एका कसोटीतून निघतात.

माझ्या चुकीची किंमत साठ मुलांनी सतरंजीवर झोपून मोजली. अशाच चुकीची याहून कितीतरी भयंकर किंमत या देशात मोजली गेली आहे. बिहारमधील मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाचे प्रकरण आपण विसरला नसाल. ते बालिकागृह एक स्वयंसेवी म्हणविणारी संस्था चालवीत होती. तिला शासनाचे अनुदान मिळत होते, आणि तिचा सूत्रधार एका वृत्तपत्राचा मालक होता. अधिकाऱ्यांच्या भेटी तेथे होत होत्या. बिहारच्या समाजकल्याण खात्याने २०१७ साली राज्यातील निवासी संस्थांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाकडे सोपविले. या गटाने ११० संस्था पाहिल्या. २०१८ च्या पूर्वार्धात अहवाल सादर झाला, त्यात १७ संस्थांविषयी अत्यंत गंभीर आक्षेप होते. मुजफ्फरपूरच्या संस्थेविरुद्ध ३१ मे २०१८ रोजी गुन्हा नोंदला गेला. तीसहून अधिक मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे पुढे निष्पन्न झाले. ऑगस्टमध्ये राज्याच्या समाजकल्याण मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. उरलेल्या १६ संस्थांचा तपासही केंद्रीय अन्वेषण विभागाने करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये दिला. खटला दिल्लीला हलविण्यात आला, आणि जानेवारी २०२० मध्ये तेथील न्यायालयाने २० पैकी १९ आरोपींना दोषी ठरविले. संस्थेच्या सूत्रधाराला फेब्रुवारीत आजन्म कारावासाची शिक्षा झाली.

या निकालातील एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते. दोषी ठरलेल्यांमध्ये जिल्ह्याचा बालसंरक्षण अधिकारी होता, आणि बालकल्याण समितीवर बसलेली माणसेही होती. म्हणजे ज्यांनी तपासावयाचे तेच अपराधात सामील होते. अशा ठिकाणी आणखी दहा तक्ते भरून घेतले असते तरी त्यांत काय उमटले असते? त्या मुली तोपर्यंत गप्प होत्या असे मानणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. त्यांचे बोलणे जिथे पोचावयास हवे होते, तिथे त्यांच्यावर अत्याचार करणारेच बसले होते. अंकेक्षण करणारी तरुण मंडळी बाहेरून आली, मुलींजवळ बसली, आणि त्यांचे म्हणणे त्यांनी कागदावर आणले. वर्षानुवर्षांच्या सरकारी भेटींना जे दिसले नाही, ते त्यांना दिसले.

कोणी म्हणेल, हा बिहारचा प्रश्न आहे, आमचा महाराष्ट्र पुढारलेला आहे. या भ्रमात आपण राहू नये. पनवेल येथील मतिमंद मुलींच्या एका संस्थेतील अत्याचार २०११ साली उजेडात आले, आणि २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने तेथील संचालकाला व त्याच्या साथीदारांना दोषी ठरविले. ज्या मुलींना आपले दुःख शब्दांत सांगणेही कठीण, अशा मुलींच्या बाबतीत हे घडले. तेव्हा 'मुलांनी काही तक्रार केली नाही' हे वाक्य अहवालात लिहिताना आपला हात थरथरला पाहिजे. जो बोलू शकत नाही त्याचे अंग बोलते, त्याचे दचकणे बोलते, अनोळखी पुरुष खोलीत येताच कोपऱ्यात सरकणे बोलते. ते वाचावयाचे तर समितीत स्त्री हवी, वैद्यकीय अधिकारी हवा, आणि घाई नको.

आणखी कोणी म्हणेल की आपल्याकडे पुरेशी यंत्रणाच नाही, पाश्चात्य देशांत पाहा. मी पाहिले आहे. इंग्लंडमध्ये अशा संस्थांच्या तपासणीसाठी पूर्णवेळ काम करणारे वैधानिक आयोग आहे. निरीक्षक आहेत, श्रेणी देण्याची पद्धत आहे, अहवाल जाहीर होतात. तरीही ब्रिस्टॉलजवळील 'विंटरबोर्न व्ह्यू' या खाजगी निवासी रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना मारहाण होत होती, त्यांचा छळ होत होता. तेथील एका वरिष्ठ परिचारकाने आयोगाला हे कळविले, आयोगाने दखल घेतली नाही. शेवटी २०११ साली बीबीसीच्या एका वार्ताहराने तेथे नोकरी धरली, लपविलेल्या कॅमेऱ्याने चित्रण केले, आणि ते घरोघर दिसल्यावर संस्था बंद झाली. २०१२ साली ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. तेथे निरीक्षकांची वाण नव्हती. आतून आलेला एक आवाज ऐकणारा कान मात्र नव्हता.

सुरक्षिततेच्या कल्पनेकडे आता वळू. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे मनोरुग्णांच्या एका निवाऱ्याला आग लागली. झावळ्यांचे छप्पर होते. आत राहणाऱ्यांना साखळदंडांनी जखडलेले होते. २८ माणसे मेली. आगीपासून पळता येत नव्हते म्हणून ती मेली. त्यांना साखळ्या घालणाऱ्याने विचारले असता तो काय सांगेल? 'त्यांच्याच सुरक्षिततेसाठी' असेच सांगेल. सुरक्षितता या शब्दाचा संस्थाचालकाच्या मनातील अर्थ बहुधा 'कोणी पळून जाऊ नये' असा असतो, आणि म्हणून भिंती उंच होतात, खिडक्यांना गज बसतात, दाराला रात्री बाहेरून कुलूप लागते. आत राहणाऱ्याच्या दृष्टीने सुरक्षितता म्हणजे आग लागली, ताप चढला, कोणी अंगावर आले, तर बाहेर पडता येणे आणि हाक ऐकणारे कोणी असणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णांना साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. पण कुलूप ही देखील एक साखळीच असते. म्हणून अग्निशमनाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले दिसले म्हणजे पुढे सरकू नका. रात्री दाराची किल्ली कोणाजवळ असते, तो माणूस कोठे झोपतो, आणि आजवर रात्री कधी दार उघडण्याची वेळ आली होती काय, एवढे विचारा. ही तीन उत्तरे मिळाल्यावर ते प्रमाणपत्र वाचावे.

कायदा काय म्हणतो हेही आपणांस माहीत असावयास हवे, कारण कायद्याचा आधार असला म्हणजे दार उघडते. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ५४ वे कलम पाठ करा. तपासणी समितीने प्रत्येक बालसंस्थेला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट दिलीच पाहिजे. भेटीला किमान तीन सभासद हवेत, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे. भेटीपासून आठवड्याच्या आत अहवाल गेला पाहिजे आणि महिन्याभरात त्यावर कारवाई झाली पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर या व्यवस्थेत जिल्हाधिकाऱ्यांवर थेट जबाबदारी आली आहे. संस्थेत मुलांच्या समित्या असाव्यात, सूचनापेटी असावी, ती कार्यालयापासून दूर व मुलांच्या खोल्यांजवळ असावी, असे नियम सांगतात. नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की अधीक्षकांच्या खुर्चीसमोर टांगलेल्या पेटीत कोणतेही मूल चिठ्ठी टाकणार नाही. तेव्हा पेटी आहे काय, एवढे पाहून थांबू नका. ती कोठे टांगली आहे आणि तिच्या कुलपावर किती गंज आहे, हेही पाहा.

मुलांच्या बाबतीत निदान कागदावर एवढे तरी आहे. वृद्धांच्या बाबतीत काय आहे? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा अशी त्या कायद्याची कल्पना आहे. पण कलम १९ मधील शब्दरचना 'काढता येईल' अशी आहे, 'काढलाच पाहिजे' अशी नाही. त्या दोन शब्दांतील अंतरात हजारो म्हातारी माणसे उभी आहेत. खाजगी वृद्धाश्रमांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. पण २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर ते विधेयकही व्यपगत झाले. ज्या म्हाताऱ्या माणसाजवळ पैसा आहे तो अनामत भरतो आणि ग्राहक म्हणून राहतो. ज्याच्याजवळ नाही तो कोणाच्या तरी दयेवर आश्रित म्हणून राहतो. ग्राहकाची तक्रार त्याच्या अनामतीइतकी चालते, आश्रिताची तर चालतच नाही. दोघांनाही नागरिक म्हणून राहता यावे, ही मागणी समाजवाद्यांनी करावयाची नाही तर कोणी करावयाची?

आपल्या सरकारी कागदांत संस्थेत राहणाऱ्यांसाठी एक शब्द आहे, 'प्रवेशित'. प्रवेशित म्हणजे ज्याला आत घेतले गेले तो. घेणारा कोणी दुसराच. त्या शब्दात तो माणूस राहतो, जेवतो, रुसतो, वाढतो, म्हातारा होतो यांतले काहीच येत नाही. आपण आपल्या अहवालांत तरी 'रहिवासी' म्हणावे. शब्द बदलल्याने चादर मिळणार नाही हे मला कळते. पण ज्याला आपण रहिवासी म्हणतो त्याला घराविषयी मत असते, हे निदान आपल्या ध्यानात राहील.

आता संस्थाचालकांच्या एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो प्रामाणिक माणसांकडूनही येतो. ते म्हणतात, "आम्ही पदराला खार लावून सेवा करतो आणि तुम्ही आमच्याकडे संशयाने पाहता." महाराष्ट्रात या सेवेची परंपरा मोठी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ सालचा. समाजाने ज्यांच्यासाठी दार लावून घेतले त्यांच्यासाठी ही दारे उघडली गेली. त्या परंपरेपुढे मी नतमस्तक आहे. पण प्रत्येक विश्वस्त संस्थेचे जमाखर्च दरसाल हिशेबतपासनीस तपासतो, आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. पैशाचा हिशेब तपासलेला चालतो, मग माणसांचा हिशेब तपासला तर मन का दुखावे? चांगल्या संस्थेला तपासणीची भीती नसते. उलट आपल्या अडचणी कोणीतरी सरकारदरबारी लिहून पाठवील म्हणून ती वाट पाहत असते.

याचाही मी अनुभव घेतला आहे. त्या चादरींच्या भेटीनंतर तिसऱ्या आठवड्यात मी न कळविता, रात्री साडेआठला, समितीच्या आणखी दोघांना घेऊन त्याच बालगृहात गेले. मुले उघड्या सतरंज्यांवर झोपली होती. चादरी कपाटात होत्या, कपाटाला कुलूप होते. मी रागावूनच अधीक्षकांच्या खोलीत शिरले. त्या गृहस्थांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, अनुदानाचा हप्ता दहा महिने आलेला नाही. साठ मुलांमागे एक काळजीवाहक बाई आहे. चादरी रोज वापरल्या तर धुणार कोण, आणि साबण कोठून आणू? एकदा फाटल्या तर तुमच्याच तपासणीत मी अडकेन." त्या काळजीवाहक बाईंना चार महिने पगार नव्हता. त्या चोवीस तास तिथेच राहत होत्या आणि त्यांचे स्वतःचे मूल गावी आजीजवळ होते.

या उत्तराने अधीक्षक निर्दोष ठरत नाहीत. तपासणीला भिऊन त्यांनी मुलांच्या अंगाखालची चादर काढून घेतली होती. पण त्या रात्री मला दुसरा धडा मिळाला. आमच्या तक्त्यात चादरींचा रकाना होता, धुणाऱ्या हातांचा नव्हता. ज्या संस्थेत राबणाऱ्या बाईला वेळेवर पगार नाही, साप्ताहिक सुटी नाही, रजेवर गेली तर बदली माणूस नाही, तेथे राहणारे मूल किंवा म्हातारा माणूस सुरक्षित असूच शकत नाही. थकलेला हात प्रथम आळसावतो, मग चिडतो, मग उगारला जातो. म्हणून स्वयंपाकीण, सफाई कामगार, रात्रपाळीचा पहारेकरी यांच्याशी बोलल्यावाचून तपासणी संपवू नका. त्यांचे हजेरीपट आणि पगाराच्या पावत्या पाहा. शासनाकडे किती महिन्यांचे अनुदान थकले आहे हेही अहवालात लिहा, आणि ते पहिल्या पानावर लिहा. संस्थेची तपासणी करताना सरकारचीही तपासणी झाली पाहिजे.

यावरून कामाची रीत आपोआप ठरते. कळवून एकदा जावे, न कळविता दोनदा जावे. कार्यालयात बसण्याआधी स्वयंपाकघर आणि संडास पाहावे. जेवणाच्या वेळी जावे, आणि मुले जे जेवतात तेच त्यांच्या पंगतीत बसून जेवावे. शिऱ्याचे ताट नम्रपणे नाकारावे. औषधांची नोंदवही पाहावी, आणि झोपेची किंवा गुंगीची औषधे कोणाच्या सांगण्यावरून, किती जणांना दिली जातात ते डॉक्टर सभासदाला तपासावयास सांगावे. किती जण मरण पावले, किती पळून गेले, किती रुग्णालयात पाठविले, या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. जो पळून गेला तो का गेला, हे त्याच्या मित्राला विचारावे. रहिवाशांशी एकेकट्याने, कर्मचाऱ्यांच्या कानाआड बोलावे. आणि पहिल्या भेटीत कोणी काही सांगेल ही अपेक्षा ठेवू नये. माणूस प्रथम आपल्याला पारखतो. आपण पुन्हा येतो की नाही, एवढेच तो पहिल्या वेळी पाहतो.

आणि जो बोलतो त्याचे पुढे काय होते? हा या साऱ्या कामातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. आपण अहवाल लिहून संध्याकाळच्या गाडीने घरी जातो. ज्या मुलीने तोंड उघडले ती त्याच छपराखाली, त्याच माणसांच्या ताब्यात रात्र काढते. तिच्या संरक्षणाची सोय केल्याखेरीज तिचे नाव कागदावर येऊ देऊ नका. गंभीर गोष्ट असेल तर त्याच दिवशी जिल्हाधिकारी आणि पोलीस यांच्याकडे जा, आठवड्याच्या मुदतीची वाट पाहू नका. तसेच, संस्था बंद करण्याची शिफारस लिहिताना 'ही माणसे उद्या कोठे झोपतील?' याचे उत्तर त्याच कागदावर लिहा. संस्था बंद पडल्याची बातमी वाचून आपण समाधान मानतो. रहिवाशांना मात्र पोत्यांसारखे गाडीत घालून दुसऱ्या जिल्ह्यात हलविलेले असते, मैत्रिणी तुटलेल्या असतात, शाळा सुटलेली असते. अन्याय करणाऱ्याला शिक्षा आणि अन्याय सोसणाऱ्याला हद्दपारी, असे आपल्या हातून घडू नये.

शेवटी एका जुन्या प्रकरणाची आठवण देतो तशी मी देते. १९८१ साली दिल्लीच्या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार यांनी, वृत्तपत्रातील वृत्तांत वाचून सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. आग्र्याच्या स्त्रियांच्या संरक्षणगृहात माणसाला न शोभणारी अवस्था आहे, हे जगण्याच्या हक्काचे उल्लंघन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि जिल्हा न्यायाधीशांना त्या गृहाची नियमित पाहणी करून अहवाल पाठविण्यास सांगितले. हे प्रकरण वर्षानुवर्षे चालले. १९९७ साली तेथील देखरेख राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविण्यात आली. एका गृहासाठी सोळा वर्षे! यावरून कोणी निराश होईल. मला त्यातून दिसते ते हे, की दोन नागरिकांनी एक पत्र लिहिले आणि मग ते प्रकरण सोडून दिले गेले नाही. चिकाटीने परत परत जाणे हेच या कामाचे तंत्र आहे, आणि ते शिकविण्यासाठी कोणत्याही विद्यापीठाची गरज नाही.

त्या बालगृहाचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. आम्ही रात्रीच्या भेटीचा अहवाल पाठविला, अनुदानासाठी जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत खेटे घातले. आठ महिन्यांनी थकलेल्या हप्त्यांपैकी दोन मिळाले, आणखी एक काळजीवाहक बाई नेमली गेली. मी पुढची दोन वर्षे दर महिन्याला तेथे जात राहिले. चौथ्या की पाचव्या भेटीत त्याच मुलाने मला हाताला धरून शयनगृहात नेले. त्याची चादर चुरगळलेली होती, एका कोपऱ्याला फाटली होती, आणि तिच्यावर आमटीचा डाग होता. साठा नोंदवहीच्या दृष्टीने ती नापास चादर होती. त्या दिवशी शेरेबुकात मी एवढेच लिहिले, 'चादरी वापरात आहेत.' 'समाधानकारक' हा शब्द त्यानंतर मी शेरेबुकात पुन्हा लिहिलेला नाही.

मित्रहो, आपल्या तालुक्यात किती बालगृहे, किती वसतिगृहे, किती वृद्धाश्रम आणि महिलागृहे आहेत, याची यादी आज येथून जाण्यापूर्वी करावयाची आहे. कागद मागच्या टेबलावर ठेवला आहे. प्रत्येक संस्थेसमोर दोन नावे हवीत, एक स्त्रीचे आणि एक कोणाचेही. समितीवर शासनाने नेमले तर समितीचे सभासद म्हणून जा, न नेमले तर रीतसर परवानगी काढून, शिकवायला, गोष्टी सांगायला, आजीआजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जा. पण महिन्यातून एकदा जा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा. यादीत नाव लिहिण्याआधी एवढा विचार करा की दुसऱ्या वेळी आपण जाणार आहोत काय. जाणार नसाल तर नाव लिहू नका. त्यांच्याकडे एकदाच येणारे पाहुणे पुष्कळ आहेत.